जोनची प्रत

कागद दोन होते. कांद्याच्या पापुद्र्यासारखे पातळ, घडीत घडी बसलेले, त्यामुळे आधी मला एकच वाटला. खिडकीपाशी उजेडात धरला तेव्हा ओळींच्या मागे आणखी ओळी दिसल्या. कोपऱ्यात नख घालून मी ते सोडवले. एकावर निळ्या शाईत ‘प्रिय साजिदा’ आणि दुसऱ्यावर त्याच शाईत, त्याच तिरप्या अक्षरात, ‘प्रिय जोन’. खाली जांभळट काळ्या कार्बनची टाइप केलेली अक्षरं, दोन्हीवर तीच. तारीख चार एप्रिल एकोणीसशे सदुसष्ट, तीही तीच. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बोट फिरवत गेले, परीक्षेच्या आधी मैत्रिणीची वही आपल्या वहीशी ताडून बघतात तसं. ‘तुझी फार आठवण आली’ हे वाक्य सातव्या ओळीत माझ्याही होतं आणि जोनच्याही. खाली मोहिद्दीन ड्रायव्हर अजून गाडीतच बसला होता. शारजाच्या ब्रिटिश लष्करी कॅम्पातलं टपाल घेऊन येताना तो गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवतो, लिफाफा वर पाठवतो आणि जाताना उगाच हॉर्न देतो. आताही त्याने दिला, लांबलचक. समोरच्या भिंतीवरची कबुतरं उडाली. माझी लेक अजरा माझ्याकडे पाठ करून दुधाच्या रिकाम्या डब्यात चमचा उभा करत होती. चमचा पडला, तिने तो पुन्हा उभा केला.

डॅफ्नीचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे म्हणून ती पत्रं टाइप करते, असं मी तय्यबना सांगितलं होतं. कुणी विचारलं नसताना सांगितलं होतं, म्हणजे माझ्याही मनात तेव्हा कुठेतरी शंका असणारच. तिचा नवरा कॅप्टन व्हिटलॉक, आणि तय्यब त्याच्या हाताखालच्या स्टोअरमध्ये क्लार्क. स्टोअरमधल्या क्लार्कची बायको बी. ए. आहे हे कळल्यावर तिने मला चहाला बोलावलं, कशी असते बघायला. असं मला पहिल्या दिवशी वाटलं आणि मी मुद्दाम चांगली साडी नेसले नाही. पण दुसऱ्यांदा बोलावलं, तिसऱ्यांदा ती स्वतःच आमच्या जिन्यावरून धापा टाकत वर आली, आणि मग ते चालूच राहिलं. पस्तिशीची, हातांवर ठिपकेच ठिपके, सिगारेट सतत विझलेली. लग्नाला तेरा वर्षं, घरं अकरा. हनोव्हरजवळ, माल्टा, सायप्रस, पुन्हा जर्मनी, मग हे वाळवंट. प्रत्येक ठिकाणच्या मैत्रिणी ती बोटांवर मोजून दाखवायची. माल्टाची जोन, डच मेजरची बायको, कोपनहेगनच्या दोघी बहिणी. “आम्ही फर्निचर ठेवत नाही, माणसं ठेवतो,” ती म्हणायची, आणि मला ते फार आवडलं होतं. मी रत्नागिरीच्या कॉलेजात शिकलेली, बाणकोटच्या खाडीपलीकडून आलेली. माझ्या माणसांना मी कधी ठेवलं नव्हतं, ती असायचीच. एका दुपारी, मला सातवा महिना असताना, तिने सांगितलं की सायप्रसला त्यांचं एक मूल पुरलेलं आहे. चार दिवसांचं. पोस्टिंग बदललं तेव्हा ते तिथेच राहिलं, ती म्हणाली, बाकी सगळं सामान पॅक केलं. तिच्या कपात चहा अर्धा होता. मी तेव्हा काय म्हटलं होतं ते मला आज दुपारी दोन कागदांपुढे बसल्यावर आठवलं, त्याआधी दोन-अडीच वर्षांत कधी आठवलं नव्हतं.

व्हिटलॉक नवरा-बायको पुन्हा जर्मनीला गेले तेव्हा अजरा एक वर्षाची होती. तेव्हापासून महिन्या-दीड महिन्याने पत्र येतं आणि आमच्या घरी त्याचं वाचन होतं. संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर खालच्या मजल्यावरून हव्वाबी येते, हातात निवडायचे तांदूळ घेऊन. तिचा नवरा खैरुद्दीन लाँचवर खलाशी, महिनोन्महिने बसऱ्याच्या नाहीतर मुंबईच्या वाटेवर, आणि तिला स्वतःच्या नवऱ्याची बोट कुठल्या बंदरात आहे याहून व्हिटलॉक साहेब कुठल्या तळ्याकाठी तंबू ठोकून आहे हे जास्त ठाऊक. मी इंग्रजी वाचायची आणि लगेच आपल्या बोलीत सांगायची. सांगताना पुष्कळ गाळायची. वाईनचं मी सरबत केलं होतं. डुकराच्या मांसाची बकरी झाली होती. बर्फाच्या डोंगरावरच्या झोपडीत चार जोडपी एकाच खोलीत झोपली तेव्हा मी बायकांना वेगळी खोली दिली. “एवढ्या थंडीत मेले सरबत पितात?” हव्वाबी एकदा म्हणाली, आणि तय्यब खाली मान घालून इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. त्यांना स्टोअरमधल्या बाटल्यांची पेट्यांनिशी यादी पाठ. तरी त्यांनी मला कधी खोडलं नाही. ब्रूज नावाच्या गावातले कालवे, मोझेल नदीच्या उतारावरचे मळे, फोक्सवागनचं टायर फुटलं तेव्हा मदतीला आलेला आणि मग कायमचा मित्र झालेला शाळामास्तर, हे सगळं आमच्या त्या एका खोलीत येऊन बसायचं. आणि ह्यू. गेल्या वर्षभरात प्रत्येक पत्रात ह्यू असायचा, पलटणीच्या इस्पितळातला कानाचा डॉक्टर, व्हिटलॉकचा पत्त्यांतल्या ब्रिजचा जोडीदार, विनोदी. ह्यू असं म्हणाला, ह्यू तसं म्हणाला. हव्वाबी विचारायची, “तो कानवाला काय म्हणतो?”

आणि मी एवढे महिने ते नाव तोंडाने उच्चारायची आणि आत कुठेतरी मुठीत धरून ठेवायची. कारण अजराला अडीच वर्षं पुरी होत आली आणि ती हाकेला वळत नाही. हे मी कुणाशी बोलले नव्हते. सासूबाईंच्या पत्रात असतं की आमच्याकडची पोरं उशिराच बोलतात, तय्यब चार वर्षांचा होईतो मुका होता. हव्वाबी म्हणते, जिद्दी आहे, ऐकून न ऐकल्यासारखं करते, मोठी झाली की नवऱ्याला कामी येईल. मी हसते. आणि हव्वाबी गेली की अजराच्या पाठीमागे उभी राहून टाळी वाजवते. रोज. कधी ताट पाडते. एकदा वळली, तेव्हा मला रडू आलं. मग लक्षात आलं की ताटाला दुपारचं ऊन लागून भिंतीवर उजेड हलला होता. मी पाळत ठेवते, स्वतःच्या मुलीवर, चोरावर ठेवतात तशी. प्रत्येक दिवसाच्या शेवटी आज हो की नाही असा हिशेब करते आणि नाही आलं की म्हणते, पण तय्यब आले की वळते ना. ते मात्र खरं होतं. संध्याकाळी ते दारात आले, पायांची वाळू झाडायला दोनदा पाय आपटले, की अजरा कुठेही असो, कसल्याही नादात असो, गर्रकन वळायची आणि धावायची. म्हणजे ऐकू येतं. बापाचं ऐकू येतं, माझं नाही, तर तेही चालेल, असं मी ठरवून टाकलं होतं. त्या एका पाय आपटण्यावर मी कित्येक महिने काढले. फेब्रुवारीत मात्र धीर सुटला आणि मी डॅफ्नीला चार पानं लिहिली, टाळ्या, ताट, उजेड, सगळं. लिहिलं की ह्यूला विचार. लिहिलं की हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही, तुलाच पहिल्यांदा सांगते आहे. ते वाक्य मी दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहिलं.

टाइप केलेला मजकूर संपला की खाली ती हाताने दोन ओळी लिहायची. माझ्या प्रतीखाली होतं: ‘अजराचा पापा घे. काळजी करू नकोस गं, सगळी मुलं आपापल्या वेळी बोलतात!’ पुढे उद्गारचिन्ह. जोनच्या प्रतीखालचं अक्षर बारीक होत होत कडेने वर चढलं होतं. ‘शारजाच्या त्या हिंदी मुलीचं पत्र आलं, बाळाबद्दल, वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. ह्यूला दाखवलं. तो म्हणतो, लिहिलंय त्यावरून मूल जन्मापासून बहिरं असावं, औषध नाही. दणका, हादरा अंगाला कळेल तेवढाच. अशा मुलांच्या शाळा असतात, म्हणे, आणि जितक्या लवकर घालावं तितकं बरं, एकेक महिना मोलाचा. पण त्या वाळवंटात कुठली शाळा? तिला काय लिहू, जोन? मला नाही जमत. मी आपलं काहीतरी गोड लिहून टाकते आहे.’ मी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला राग आला तो ‘हिंदी मुलगी’ या शब्दांचा, नावसुद्धा नाही, आणि मग त्या रागाची लाज वाटली, घराला आग लागली असताना कुणी आपल्या चपला शोधाव्यात तशी. मग ‘एकेक महिना’ दिसला. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. तिने गोड लिहिलं होतं ते मी जपून ठेवलं असतं, आणि पुढच्या पत्रातलं गोडही जपलं असतं, आणि पोर तीन वर्षांची झाली असती, चार. पाकिटं भरताना तिचा हात चुकला नसता तर. मला ती टेबलाशी बसलेली दिसली, विझलेली सिगारेट, नावांची यादी, लिफाफ्यांची चळत, दहा प्रती, दहा मैत्रिणी, आणि त्यातल्या एकीचीच, माझी, प्रत तिच्या हातून सरळ सुटत नव्हती. तेव्हाच ती सायप्रसची दुपार आठवली. चार दिवसांचं मूल तिथेच राहिलं, असं ती म्हणाली तेव्हा मी म्हटलं होतं, “चहा आणखी ओतू?” बी. ए., सेकंड क्लास. आणि तिने कप पुढे केला होता.

दुपार उतरली. मी चपात्या केल्या, अजराला भरवलं, तिचे केस विंचरले. मान वळवून घेताना नेहमीसारखं “इकडे बघ, इकडे बघ माझी बाय” म्हणत होते आणि म्हणता म्हणता थांबले, कारण कुणाशी बोलत होते मी. पण न बोलता केस विंचरता येईनात. पुन्हा बोलू लागले. आमची खोली वरच्या मजल्यावरची, जमीन म्हणजे लाकडी वाशांवर चटया आणि त्यावर चुन्यामातीचा थर. हव्वाबी चालली तरी फळीवरची भांडी किणकिणतात. हे मला दोन वर्षं ठाऊक होतं. ठाऊक असून मी कधी त्याचा विचार केला नव्हता.

तय्यब सहाच्या सुमाराला आले. मी चुलीपाशी बसून दाराकडे बघत राहिले, रोज अजराकडे बघते, आज त्यांच्या पायांकडे. पाय अनवाणी होते. जोडे ते नेहमीच खाली जिन्याशी काढतात, जिना हव्वाबी पुसते म्हणून. वर येताना पायाला वाळू कुठली राहणार. ते उंबऱ्यात थांबले, भिंतीला हात टेकवला, आणि टाच उचलून जोरात दोनदा आपटली. फळीवर वाट्या किणकिणल्या. अजरा गर्रकन वळली, धावली, त्यांच्या गुडघ्यांना जाऊन चिकटली. “यल्ला यल्ला, चल चल, माझी राणी,” ते म्हणाले आणि तिला उचललं. माझी तव्यावरची चपाती करपली.

“काय गो, मडमचा कागद आला ना?” हव्वाबी जिन्यावरूनच बोलत आली. “मोहिद्दीनचा भोंगा ऐकला मी. मेला मेलेल्यांना उठवील. वाच वाच, हल्ली कुठं आहेत?”

“आधी पाणी तरी पिऊ दे की माणसाला,” तय्यब म्हणाले. “व्हिटलॉक साहेबाची लीव्ह कधी संपतच नाही. आमची मागितली की फाइलच हरवते.”

मी चिमणीची वात वर केली आणि दोन्ही कागद घेतले. काय करणार होते ते मला ठाऊक नव्हतं. वाचायला लागले. ईस्टरच्या सुट्टीत ते इटलीतल्या एका मोठ्या तळ्याकाठी गेले होते, डच मेजर आणि त्याची बायको, ह्यू, आणि हे दोघं. घाटात बर्फ होतं. गाडीत जागा नव्हती म्हणून तंबू टपावर बांधला. तळ्याकाठी लिंबाची झाडं, आपल्यासारखीच. रात्री जेवायला, मी वाचलं, डुकराचं भाजलेलं मांस आणि लाल वाईन, चार बाटल्या.

हव्वाबीचा हात सुपात थांबला. “काय म्हणालीस?”

“दारू. आणि डुकराचं मांस.”

“आणि ते सरबत?”

“सरबत कधीच नव्हतं, हव्वाबी.”

“तौबा!” ती म्हणाली. मग सुपातला एक खडा उचलून, “एवढं दीड वर्ष माझ्या तोंडावर सरबत मारलंस होय गो? मी त्या मडमला लिंबाचं लोणचं पाठवणार होते.”

तय्यब हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते. अजरा त्यांच्या मांडीवर त्यांच्या शर्टाची गुंडी फिरवत होती. मी वाचत गेले, सगळं, काही न गाळता, एकाच तंबूत पाच जणं झोपली तेही, आणि शेवटी पोचले तेव्हा माझी प्रत खाली ठेवून जोनची उचलली. ती कोण, ही प्रत इथे कशी आली, ते दोन वाक्यांत सांगितलं. मग कडेने चढलेल्या ओळी वाचल्या आणि प्रत्येक ओळ सांगितली. हिंदी मुलगी. बहिरं. औषध नाही. दणका तेवढा कळेल. शाळा. एकेक महिना. मला नाही जमत, जोन. माझा आवाज पत्र वाचायचाच राहिला, तोच चढउतार, आणि त्याचीच मला भीती वाटली.

हव्वाबीने सूप बाजूला ठेवलं. ती उठली, अजराच्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी पुटपुटून फुंकर घातली. दारात वळून मला म्हणाली, “भात मी खालून पाठवते. तू पुन्हा चूल पेटवू नको आता.” सूप ती तिथेच विसरून गेली.

“ही बाई,” तय्यब म्हणाले, “हिला आपण...” आणि थांबले.

“तुमचे जोडे खाली असतात,” मी म्हटलं.

त्यांनी अनवाणी पाय आत ओढून घेतले.

“मग दारात वाळू कसली झाडता?”

अजराने गुंडी तोंडात घातली. त्यांनी ती हळूच काढली, तिचं तोंड आपल्या बाहीने पुसलं, फार वेळ पुसत राहिले. “रमझानपासून,” ते म्हणाले. मला ती संध्याकाळ आठवत होती. रोजा सोडायच्या वेळची, इफ्तारची तोफ दाखवायला ते तिला खांद्यावर घेऊन किल्ल्याकडे गेले होते आणि परत येऊन म्हणाले होते, शूर आहे माझी पोर, रडली नाही. मी ते सासूबाईंना कळवलंसुद्धा. “सगळी पोरं रडत होती,” ते म्हणाले. “हीपण दचकली. पण साजिदा, मी दचकलो म्हणून ती दचकली. माझी छाती हलली ना. मग माझ्या तोंडाकडे बघायला लागली, काय झालं म्हणून. धूर तिकडे, आणि ही माझ्या तोंडाकडे.”

“चार महिने,” मी म्हटलं.

“तू रोज म्हणायचीस, तुम्ही आलात की वळते. तुझं तोंड असं व्हायचं तेव्हा...” त्यांनी हाताने काहीतरी दाखवलं, काय ते मला कळलं नाही. “पहिल्यांदा खरंच वाळू झाडत होतो. मग बघितलं, ही वळते. मग ठेवलं चालू.”

म्हणजे मी ज्या एका खुणेवर जगत होते ती हा माणूस रोज संध्याकाळी टाच दुखेपर्यंत माझ्यासाठी करत होता. की तिच्यासाठी. मला चिडता येईना. सरबत करणारी मी एकटीच नव्हते या घरात.

“मुंबईला गनीला लिहिलं होतं मी,” ते खाली बघत म्हणाले. गनी त्यांचा चुलतभाऊ, डोंगरीला राहतो. “अशी शाळा आहे तिथं. अडीच वर्षं पुरी झाली की घेतात. आई बरोबर लागते, रोज बसायला, शिकायला. कॅम्पातली ही नोकरी सोडून तिथं मला काय ठेवलंय? म्हणजे तू आणि ती तिथं, मी इथं. वर्षाकाठी एक लीव्ह, इन्शाल्ला, फाइल सापडली तर. म्हणून बोललो नाही. आज बोलू, उद्या बोलू. वाटलं, अजून थोडे दिवस.”

“एकेक महिना मोलाचा आहे.”

“ऐकलं मी,” ते म्हणाले.

खालून भाताचं पातेलं आलं. ते घ्यायला ते जिन्यावर गेले आणि मी टेबलाशी बसले. नवा लिफाफा घेतला, त्यावर डॅफ्नीचा जर्मनीतला पत्ता घातला. जोनच्या प्रतीच्या पाठीवर काहीतरी लिहावं असं फार होतं, चार पानं होतील इतकं होतं. मी एवढंच लिहिलं: ‘ही प्रत जोनची आहे, चुकून माझ्याकडे आली. बरं झालं आली. आम्ही मेमधल्या बोटीने मुंबईला जात आहोत.’ आम्ही म्हणजे कोण, ते तिला कळेल की नाही याचा विचार केला आणि तसंच ठेवलं. पुढच्या महिन्यात तिच्या यादीत माझा पत्ता बदलेल. इथे मग कागद कुणी वाचून दाखवायचे. तय्यबना माझी पत्रं येतील ती मी हाताने लिहीन, आणि त्यात काय गाळायचं ते आज ठरवता येत नव्हतं.

ताटं मांडली. अजरा खिडकीपाशी होती, माझ्याकडे पाठ, डबा आणि चमचा. मी सवयीने तिचं नाव घ्यायला तोंड उघडलं. घेतलंही, पुरतं, मोठ्याने. मग उठले, भिंतीला हात टेकवला, आणि टाच आपटली. बेताची बसली, काही हललं नाही. दुसऱ्यांदा जोर लावला. घोट्यातून कळ वर गेली आणि फळीवर वाट्या वाजल्या.

अजरा वळली. तिने आधी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मग तिने खोलीभर शोधलं आणि मला पाहिलं.